प्राणी दुष्ट असतात का? उत्क्रांती म्हणजे प्रगती का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रविवारी जमेल तसं मुलांना, आणि आली तर त्यांच्या आईवडिलांनाही, घेऊन रंकाळ्यावर, कळंब्याला आणि पावसाळा सरला की दाजीपूरला जाते. वर्गात मुलं परीक्षेत काय येणार ते विचारतात. तळ्याकाठी मात्र मनात साचलेलं बाहेर येतं. कोकिळा लबाड का, माकडाचा माणूस झाला तर उरलेली माकडं मागे का राहिली, निसर्गात बळी तो कान पिळी असेल तर माणसानेच न्यायाने का वागायचं. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढते आहे. काही प्रश्नांना चार ओळी पुरल्या, काहींना पानभर लागलं.

उत्क्रांती म्हणजे जीवांची प्रगतीच ना?

नाही. हा गोंधळ व्हायला आपला शब्दही थोडा कारणीभूत आहे. 'उत्' म्हणजे वर. संस्कृतात 'उत्क्रांती' हा शब्द प्राण शरीर सोडून वर निघून जाण्यासाठी वापरला जाई. जीवशास्त्रासाठी आपण तो घेतला आणि त्यातला 'वर' तसाच चिकटून आला. मग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिडी उभी राहते. खाली किडामुंगी, वर माकड, सगळ्यात वरच्या पायरीवर आपण.

प्रत्यक्षात जीवांच्या एखाद्या समूहात पिढ्यानपिढ्या आनुवंशिक गुणांचं प्रमाण बदलत जातं, त्याला उत्क्रांती म्हणतात. बदल कोणत्या दिशेला होईल हे त्या वेळची परिस्थिती ठरवते. गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने फिंच पक्ष्यांचा अनेक दशकं अभ्यास केला. १९७७ साली तिथे कडक दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक बिया, त्यात आपल्या गोखरूच्या भाऊबंदाच्या काटेरी फळांमधल्याही. त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. १९८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि त्यानंतरच्या कोरड्या काळात बारीक चोचीचे पक्षी जास्त टिकले. आता यातली प्रगती कोणती? चोच जाड झाली ती, की बारीक झाली ती?

डार्विनने आपल्या संग्रहातल्या, दुसऱ्याने लिहिलेल्या एका पुस्तकाच्या समासात स्वतःलाच बजावून ठेवलं होतं की जीवांना 'उच्च' आणि 'नीच' हे शब्द कधी लावू नयेत. त्यालाही ते पूर्णपणे पाळता आलं नाही, इतकी ही सवय जुनी आहे.

पण सुरुवातीला नुसते जीवाणू होते, आज माणूस आहे. हे वर चढणं नाही का?

गुंतागुंत वाढली आहे, हे खरं. मात्र ती काही शाखांवर वाढली. जीवाणू साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त काळ जीवाणूच आहेत आणि त्यांचं उत्तम चाललं आहे. आपल्या आतड्यात ते आहेत, रंकाळ्याच्या गाळातही आहेत.

उलटी उदाहरणं तर ढिगाने मिळतील. सापांच्या पूर्वजांना पाय होते. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन छोट्या नख्या दिसतात, त्या त्याच्या मागच्या पायांच्या खुणा. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालणारे चतुष्पाद होते, ते परत पाण्यात गेले. पट्टकृमीला तोंड नाही, आतडं नाही, कारण तो दुसऱ्याच्या आतड्यात राहून कातडीतूनच अन्न शोषतो. सह्याद्रीत पावसाळ्यात दगडाखाली देवगांडूळ सापडतं. लोकांना ते गांडूळ वाटतं, पण तो बेडकाचा नातेवाईक आहे. मातीत राहून त्याचे पाय गेले, डोळे नावापुरते उरले. त्याची अधोगती झाली असं म्हणायचं असेल तर आधी त्याला ओल्या मातीत डोळ्यांचा काय उपयोग होता ते सांगावं लागेल.

माकडापासून माणूस झाला, मग आजची माकडं माकडंच का राहिली?

माकड आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. एका खापरपणजोबांचा एक वंश शिवाजी पेठेत राहिला, दुसरा गारगोटीला गेला. गारगोटीचे अजून कोल्हापूरकर का झाले नाहीत, असं आपण विचारत नाही. चिंपांझी आणि आपण यांचा सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हापासून दोन्ही घराणी सारखाच काळ बदलत आली आहेत.

चौऱ्यांशी लक्ष योनी आणि दशावतार यांत हेच सांगितलेलं नाही का?

हा प्रश्न बहुतेक वेळा एखाद्या मुलाची आजी विचारते आणि तो मनापासून विचारलेला असतो.

चौऱ्यांशी लक्ष योनींची कल्पना एका जीवात्म्याच्या प्रवासाविषयी आहे. नरजन्म दुर्लभ आहे, तो वाया घालवू नकोस, हे तिचं सांगणं. तिथे 'वर' या शब्दाला अर्थ आहे, कारण तिथे जायचं ठिकाण ठरलेलं आहे, मोक्ष. उत्क्रांतीत असं ठिकाण नाही आणि एकच जीव पायऱ्या चढत जातो असंही नाही. बदलतात त्या पिढ्या.

दशावतारातही मासा, कासव, वराह हा क्रम पाहून माणसं हरखतात. पण मत्स्याच्या वंशात कूर्म जन्मला असं कुठेच सांगितलेलं नाही. प्रत्येक अवतार एकेका संकटासाठी येतो. त्या कथांना जीवशास्त्राचं प्रमाणपत्र मिळवून द्यायला गेलं की कथेचंही नुकसान होतं आणि विज्ञानाचंही, असं माझं मत आहे. दोन्ही मला प्रिय आहेत, म्हणून सांगते.

माणूस स्वतः जाती सुधारतो, ती तरी प्रगती आहे ना?

गंगावेशीत दूध कट्ट्यावर पंढरपुरी म्हैस पाहिली असेल. तलवारीसारखी लांब शिंगं, जागेवर पिळलेलं धारोष्ण दूध. तिच्या शेजारी संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीचे लिटर मोजले तर गाय पुढे दिसते. पण उन्हाळ्यात ती धापा टाकते, तिच्यासाठी गोठ्यात पंखे लावावे लागतात, कासेला होणाऱ्या दगडी रोगाची भीती कायम. पंढरपुरी म्हैस कमी चाऱ्यावर, आपल्या हवेत निभावून नेते. 'सुधारित' म्हटलं की कुणासाठी आणि कशासाठी, हे लगेच विचारावं. माणसाच्या निवडीत हेतू असतो, म्हणून तिथे प्रगती मोजता तरी येते. ती आपल्या हेतूच्या मापाने मोजलेली असते. जनावराच्या मापाने मोजली तर उत्तर वेगळं येऊ शकतं.

कोकिळा लबाड असते का?

लबाडीसाठी आधी खरं काय ते माहीत असावं लागतं आणि मग ते लपवावं लागतं. कोकिळेच्या बाबतीत तसं काही घडत नाही. तिच्या आईने तिला वाढवलंच नाही, कावळीने वाढवलं, आणि वयात आल्यावर ती पुन्हा कावळ्याचंच घरटं शोधते. ज्यांची अंडी कावळ्याच्या नजरेतून सुटली त्यांचा वंश वाढला. जाता जाता : गातो तो काळा नर कोकीळ. अंडी घालणारी मादी ठिपकेदार असते आणि तिचा आवाज मुळीच गोड नाही.

वानराचा नवा हुप्प्या टोळीतली पिल्लं मारतो म्हणे. हा खून नाही का?

या प्रश्नावर मी जरा थांबते, कारण शास्त्रज्ञांचीही इथे वाट चुकली होती. आणि ही गोष्ट आपल्या जवळची आहे.

१९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडजवळ, म्हणजे आपल्याकडून निपाणी-बेळगाव ओलांडून थोडं पुढे, वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करत होते. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर चाल केली, जुन्या नराला हाकललं आणि नव्या मालकाने अंगावर पिणारी पिल्लं चावून मारली. हे प्रसिद्ध झालं तेव्हा बऱ्याच जणांना पटेना. आपण ज्याला मारुतीरायाचं रूप मानतो तो प्राणी असं करेल यावर आपला विश्वास बसत नाही. तिकडच्या अभ्यासकांचीही अडचण वेगळी नव्हती. प्राणी आपल्या जातीच्या भल्यासाठी वागतात अशी त्यांची समजूत होती. म्हणून काहींनी ही विकृती ठरवली. दाटी झाली, माणसांचा त्रास झाला, म्हणून वानरं बिघडली, असं म्हटलं गेलं. 'बिघडली' हा शब्द वापरला म्हणजे आपण आधीच एक चांगलं वानर मनात ठरवून ठेवलेलं असतं.

१९७० च्या दशकात सारा हर्डी या अमेरिकन संशोधक अबूच्या डोंगरावर गेल्या, त्याही सुरुवातीला दाटीचं कारण मनात धरून. तिथे त्यांना वेगळंच दिसलं. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. नराच्या हातात टोळी फार तर काही वर्षं राहते. आधीच्या नराचं पिल्लू गेलं तर मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं त्याचं राज्य जाण्याआधी मोठी होतात. नर सहसा स्वतःचं पिल्लू मारत नाही. आणि माद्या गप्प बसत नाहीत. त्या एकजुटीने नराच्या अंगावर जातात. काही गाभण माद्याही नव्या नराशी जुगतात, त्यामुळे पिल्लू कुणाचं याचा त्याला संभ्रम राहतो.

मग हा खून का? पिल्लाचं मरण खरं आहे, आईची धडपड खरी आहे. ते पाहून ज्याला काही वाटत नाही अशा विद्यार्थ्याची मला काळजी वाटेल. पण खून म्हणायचा तर करणाऱ्याला 'तू हे का केलंस?' असं विचारता आलं पाहिजे आणि वेगळं वागणं त्याला शक्य असलं पाहिजे. हुप्प्याला हा प्रश्न विचारता येत नाही. १३८६ मध्ये फ्रान्समधल्या फालेझ गावात एका डुकरिणीवर बालहत्येचा खटला चालवून तिला फाशी दिली गेली. त्या खटल्यात डुकरिणीने काय उत्तर द्यायचं होतं?

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगते. हे वागणं 'नैसर्गिक' आहे म्हणून ते माफ, असंही म्हणू नका. माफी देण्यासाठीही आधी गुन्हा लागतो.

साप डूख धरतो का?

नाही. ओळखून, लक्षात ठेवून, वर्षाने बदला घेण्याइतकी गुंतागुंतीची रचना सापाच्या मेंदूत नाही. सूड ही माणसाची गोष्ट, ती आपण सापावर लादली आणि त्या भीतीपोटी धामण, तस्कर असे बिनविषारी सापही काठीने ठेचले. या एका गैरसमजाने आपल्या शिवारात किती साप मेले असतील याचा विचार केला की वाईट वाटतं. धामण तर उंदीर खाऊन ऊस आणि धान्य दोन्ही वाचवते.

उसाला ट्रायकोकार्ड लावतो त्यातली माशी 'मित्रकीटक' कशी? ती तर दुसऱ्याच्या अंड्यात अंडी घालते.

हा प्रश्न शिरोळकडच्या एका ऊस-शेतकऱ्याने विचारला होता आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

ट्रायकोग्रामा हा मिलिमीटरभरही न भरणारा कीटक. खोडकिडीच्या अंड्यात मादी आपलं अंडं घालते, आतली अळी ते अंडं खाऊन टाकते आणि खोडकिडीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो. पानाच्या खालच्या बाजूला टाचलेल्या कार्डावर अशी हजारो अंडी असतात. २००२ मध्ये आपल्या भागात उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हाही औषधांपेक्षा मावा खाणाऱ्या मित्रकीटकांनीच मोठा हात दिला.

याच कीटकांच्या दूरच्या नातेवाईकांनी डार्विनची झोप उडवली होती. काही गांधीलमाश्या जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खात मोठी होतात. कृपाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असेल हे मनाला पटवता येत नाही, असं त्याने १८६० मध्ये एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रात लिहिलं. म्हणजे ज्या जगण्याने डार्विनचं मन कळवळलं, त्याच जगण्याला आपला शेतकरी मित्र म्हणतो. कीटक जे करतो तेच करतो. मित्र आणि शत्रू ठरतं ते उसाच्या बांधावर उभं राहून. हे शब्द शेतकऱ्याने जरूर वापरावेत, त्याचं पोट त्यावर आहे. फक्त ते आपल्या हिशेबाचे शब्द आहेत, कीटकाच्या स्वभावाचे नव्हेत.

असंच उंबराचं. नरसोबाच्या वाडीला आपण औदुंबराला प्रदक्षिणा घालतो. त्याच्या प्रत्येक फळाच्या आत शेकडो इवल्या फुलांची खोली असते. मादी कीटक परागकण घेऊन आत शिरते, अंडी घालते आणि बहुधा तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आतच मिलन करून, बाहेर पडायची वाट कोरून आतच संपतात. त्यांच्या मुली नवे पराग घेऊन उडतात. हा त्याग की तुरुंग? दोन्ही शब्द आपलेच.

मग प्राण्यांत चांगुलपणा नसतोच का?

आपल्या चांगुलपणाची मुळं नक्कीच आहेत. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऱ्हीसस माकडांना साखळी ओढली की खाणं मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा धक्का बसे. बऱ्याच माकडांनी ती साखळी टाळली. एकाने तर बारा दिवस उपास काढला. २०११ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला. नळीत अडकलेल्या सोबत्याला उंदीर दार उघडून सोडवत होते, बाजूला चॉकलेट ठेवलेलं असलं तरी. २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांना कापुचिन माकडांत असं दिसलं, की शेजारणीला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाली की माकडीण काकडी नाकारते. याचा अर्थ काय लावायचा यावर मतभेद आहेत.

दया, राग, वाटणीची चाड यांचे धागे आपल्या जातीपेक्षा जुने आहेत. पण 'मला अनोळखी माकडालाही समान वाटा दिला पाहिजे' हे तत्त्व त्या पिंजऱ्यात कुणी मांडलेलं नाही. आपण मांडतो, त्यावर भांडतो, चुकलो तर लाजतो.

बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा नियम असेल तर दुर्बळांना आधार देणं निसर्गाविरुद्ध नाही का?

हा प्रश्न मला तालमीतल्या एका पोराने विचारला आणि त्याच्या मागे वडिलांनी हसून मान डोलावली. त्यांना दिलेलं उत्तर असं.

एक तर नियमच चुकीचा ऐकला आहे. 'सर्वांत योग्य तो टिकतो' हा शब्दप्रयोग इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनने तो नंतर उचलला. 'योग्य' म्हणजे त्या जागी, त्या वेळी जास्त पिल्लं मागे ठेवणारा. त्याचा बळाशी संबंध असेलच असं नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी महाकाय डायनोसॉर संपले आणि उंदराएवढे सस्तन प्राणी वाचले. सायबेरियात फिरलेल्या क्रोपोत्किन या रशियन विचारवंताने १९०२ मध्येच दाखवून दिलं की कडाक्याच्या थंडीत परस्परांना धरून राहणारे प्राणी टिकतात.

आणि समजा नियम बरोबर ऐकला असता, तरी 'असं घडतं' यावरून 'असं घडावं' हे निघत नाही. पंचगंगेला पूर येतो. म्हणून २०१९ मध्ये आपण लोकांना पाण्यात सोडून दिलं नाही, नावा काढल्या. आपल्या जुन्या राजनीतीत 'मत्स्यन्याय' असा शब्द आहे, मोठा मासा लहान माशाला गिळतो तो न्याय. तो आदर्श म्हणून सांगितलेला नाही. राजा नसेल तर काय होईल याचा इशारा म्हणून सांगितला आहे. त्यातून वाचवायलाच तर राजा.

हे विसरलं की काय होतं ते विसाव्या शतकाने पाहिलं. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने 'अयोग्य' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा केला. १९३३ मध्ये जर्मनीने तसाच कायदा आणला आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. हे सगळं निसर्गाच्या नावाने चाललं होतं.

कोल्हापूरला तर याचं उत्तर बाहेर शोधायला नको. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. त्यावर सांगलीच्या एका वकिलांनी गुणवत्तेचा आक्षेप घेतला, तेव्हा महाराज त्यांना पागेत घेऊन गेले अशी गोष्ट इथे घरोघर सांगतात. एरवी प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा त्याचा तोबरा असे. महाराजांनी सगळे हरभरे एकाच ठिकाणी ओतायला लावले. दांडगे घोडे पुढे घुसले, लाथा झाडत खाऊ लागले आणि अशक्त, लहान घोडी लांब उभी राहिली. या कमजोरांना गोळ्या घालू का, असं महाराजांनी विचारलं म्हणतात. दांडग्या घोड्यांना त्यांनी दुष्ट म्हटलं नाही. घोडा घोड्यासारखा वागला. हरभरे कसे वाटायचे हा प्रश्न पागेच्या मालकाचा होता.

त्या पोराला मी शेवटी एवढंच विचारलं, की खासबागेत आपण कुस्ती लावताना जोड का बघतो? हिंदकेसरीसमोर पंधरा वर्षांचा पोरगा उतरवला तर त्याला कुणी कुस्ती म्हणेल का? तो म्हणाला, "नाही मॅडम, लोक मैदानातून उठून जातील."

आपली नीतिमत्ता उत्क्रांतीतूनच आली असेल तर ती खोटी ठरत नाही का?

मोजण्याची क्षमताही उत्क्रांतीतूनच आली. म्हणून साते आठे छप्पन्न खोटं ठरत नाही. एखादी गोष्ट कुठून आली आणि ती बरोबर आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याच माणसांची जास्त माया वाटणं उत्क्रांतीने समजावून सांगता येतं. ती माया उंबऱ्यावर थांबवायची की पुढे न्यायची, हे आपल्याला विचार करून ठरवावं लागतं, आणि माणसांनी ते अनेकदा ठरवून दाखवलं आहे.

प्राण्यांना नीती कळत नसेल तर त्यांच्याशी कसंही वागलं तर काय बिघडलं?

तान्ह्या बाळालाही नीती कळत नाही. जबाबदारी घेता येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने १७८९ मध्येच म्हटलं होतं की त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का, हा मुद्दा नाही, त्यांना यातना होतात का, हा आहे. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे. शर्यतीत बैलाची शेपटी चावणाऱ्याला मी क्रूर म्हणते आणि शेळी फाडणाऱ्या बिबट्याला म्हणत नाही. यात मला काही विसंगती दिसत नाही. बैलाची वेदना त्या माणसाला कळू शकते.

गव्याने पीक तुडवलं, माणसाला मारलं, तरी त्याचा दोष नाही असंच म्हणायचं का?

हे विचारणाऱ्यांत नुकसान सोसलेली माणसं असतात, म्हणून जपून लिहिते. दोष नाही, पण धोका आहे, आणि धोक्याचा बंदोबस्त हवाच. राधानगरी-दाजीपूर हे १९५८ सालचं, राज्यातलं पहिलं अभयारण्य, क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. त्याच्या कडेपर्यंत आपला ऊस गेला आहे. गव्याला कुरणाची हद्द आणि सातबारा यांतला फरक कळत नाही, त्याला हिरवं आणि पाणी कळतं. आजरा-चंदगडकडे येणाऱ्या हत्तींचंही तेच. बातम्यांत 'धुमाकूळ', 'उच्छाद', 'हल्लेखोर' असे शब्द आले की बघ्यांची गर्दी होते, पोरं मोबाईल घेऊन मागे धावतात, आणि बुजलेलं सात-आठशे किलोचं जनावर वाट मिळेल तिकडे धाव घेतं. मग जो वाटेत असतो तो जातो. शेतकऱ्याने भरपाई मागावी, ती वेळेत मिळावी यासाठी आपण सगळ्यांनी त्याच्या मागे उभं राहावं. तो त्याचा हक्क आहे.

शिवारात गवा दिसला तर लांब थांबा, त्याची जंगलाकडची वाट मोकळी ठेवा, कुत्री बांधा, फटाके वाजवू नका आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा.